शाळेच्या भिंतीवर खऱ्या मापाचा जिराफ आणि शेजारी ओकापी कसा काढावा

जिराफ म्हटलं की हात आधी ठिपक्यांकडे जातो. पिवळ्या अंगावर तपकिरी ठिपके, वर लांब मान, झाला जिराफ. बालवाडीपासून इंटरमीजिएटच्या परीक्षेपर्यंत मुलांचे असे कितीतरी जिराफ मी तपासले. ठिपके पुसून पाहिलं तर खाली घोड्याचं धड, गाईचे पाय आणि कुठूनही वाकणारी मान एवढंच उरतं. माझा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधी पाय, मग खांदा, मग मानेचे मणके, मग डोकं. ठिपके सर्वांत शेवटी, आणि तेही आपण कोणत्या देशातला जिराफ काढतोय हे ठरवल्यावरच.

नाशिकच्या शाळेतून चित्रकला शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून मी सिन्नर, निफाड, दिंडोरी भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंती रंगवते. काम पाहिलेले गुरुजी आणि बाई विचारतात, आमच्या भिंतीवर आम्हीच काढायचा तर कुठून सुरुवात करू? त्यांच्यासाठी हे सगळं लिहून काढते आहे.

एक आग्रह आधीच सांगते. जिराफ काढा तो खऱ्या मापाचाच. गावातल्या मुलांनी गाय, बैल, शेळी जन्मापासून पाहिलेली असते आणि त्यांची उंची मुलांच्या डोळ्यांत पक्की बसलेली असते. जिराफ मात्र त्यांनी पाहिलाय तो पुस्तकात, अंगठ्याएवढा. त्याच्या पोटाची रेघ आपल्या डोक्याच्याही वर आहे हे मुलाला भिंतीला पाठ लावून उभं राहिल्यावर कळतं, तेव्हा त्याला ‘उंच प्राणी’ हे वेगळं शिकवावं लागत नाही. दुसरा आग्रह म्हणजे त्याच्याशेजारी ओकापी, म्हणजे काँगोच्या जंगलात राहणारा, पायांवर पट्टे असलेला त्याचा भाऊबंद, हवाच. जिराफाच्या कुळात आज जिवंत असलेले गट हे दोनच. एकटा जिराफ दाखवला तर तो कुणाचाच नातेवाईक नसलेला प्राणी वाटतो.

भिंत निवडताना

पूर्ण वाढलेला नर साडेपाच मीटरपर्यंत उंच होतो, म्हणजे १८ फूट. मादी साधारण साडेचार मीटरपर्यंत, म्हणजे १४ ते १५ फूट. आपल्या एकमजली शाळेची भिंत स्लॅबपर्यंत १० ते ११ फूट भरते आणि वरचा कठडा धरला तर १३-१४ फूट मिळतात. म्हणून एकमजली शाळेत मादी काढावी. नर हवा असेल तर दुमजली इमारतीची बाहेरची कोरी बाजू शोधा.

कठडा नाही आणि भिंत दहाच फूट आहे, अशा शाळा पुष्कळ आहेत. तिथे जिराफ लहान करू नका, त्याला पाणी पिताना दाखवा. पाणी पिताना त्याला पुढचे दोन्ही पाय बाजूंना फाकवावे लागतात, कारण मान एवढी लांब असूनही सरळ उभं राहून ती जमिनीपर्यंत पोचत नाही. या अवस्थेत खांदा बराच खाली येतो आणि पूर्ण मापाचा प्राणी दहा फुटांत मावतो. वर मुलांचा एक हमखास प्रश्न येतो, ‘एवढ्या उंचावरून डोकं खाली नेल्यावर त्याला चक्कर येत नाही का?’ उत्तर तयार ठेवा. मेंदूपर्यंत रक्त चढवायला त्याचं हृदय मोठ्या जोराने काम करतं. ते सुमारे ११ किलोचं असतं आणि जिराफाचा रक्तदाब माणसाच्या जवळपास दुप्पट असतो. डोकं खाली गेलं की मानेतल्या शिरांमधल्या झडपा रक्ताला उलटं वाहू देत नाहीत, आणि मेंदूच्या तळाशी असलेलं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तो जोर सौम्य करतं. पायांची कातडीही जाड आणि घट्ट असते, त्यामुळे एवढ्या दाबाने रक्त खाली साचून पाय सुजत नाहीत.

व्हरांड्यात जागा थोडीच असेल तर पिल्लू काढा. जिराफाचं पिल्लू जन्मतःच सुमारे सहा फूट उंच असतं, म्हणजे शाळेतल्या गुरुजींहून थोडं उंचच. पंधरा महिने पोटात वाढल्यावर ते जन्मतं. आई उभ्यानेच विते, म्हणून पिल्लू जवळपास दोन मीटरवरून खाली पडतं आणि तासाभरात पायांवर उभं राहतं. पहिलीच्या मुलांना हे पिल्लू फार आवडतं. ती रोज येऊन त्याच्याशी उंची मोजतात.

शक्य असेल तर दोन भिंती जिथे काटकोनात मिळतात तो कोपरा निवडा. एका भिंतीवर जिराफाचं उघडं माळरान, दुसरीवर ओकापीचं दाट जंगल. कारण पुढे सांगते.

भिंतीची तब्येत मात्र आधी पाहा. नैऋत्येचा पाऊस ज्या भिंतीवर थेट बसतो तिला रंग टिकत नाही. इगतपुरी-त्र्यंबक बाजूला तर अशी भिंत घेऊच नका. पोपडे आलेला भाग पत्र्याने खरवडा, तारेच्या ब्रशने घासा, भेगा बुजवा, धुऊन आठवडाभर वाळू द्या, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर. काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत संपवावं. निफाडच्या थंडीत सकाळी भिंत दवाने ओलसर असते. हात लावून कोरडी लागेपर्यंत ब्रश टेकवू नका.

मापं

ग्राफ पेपरवर एक चौकोन म्हणजे एक फूट धरून आधी चित्र काढा. भिंतीवर सुतळी गेरूत बुडवून, दोघांनी दोन्ही टोकांना ताणून, मधे झटका देऊन फुटाफुटाच्या रेघा मारा. उभ्या रेघांसाठी ओळंबा वापरा. शाळेच्या जमिनीला उतार असतो, तिच्यावर भरवसा ठेवला तर जिराफ तिरपा होतो.

१४ फुटी मादीसाठी मी धरते ती मापं अशी. जमिनीपासून पोटाची रेघ सहा फुटांवर. छातीची खोली तीन फूट, म्हणजे खांद्याचा उंचवटा नऊ फुटांवर. पाठ तिथून मागे उतरत जाते आणि पुठ्ठा, म्हणजे कमरेमागचा भाग, साडेसात-आठ फुटांवर येतो. धडाची लांबी सहा फुटांच्या आतच ठेवा. इथेच बहुतेक चित्रं बिघडतात. आपल्या मनात गाय असते, म्हणून हात धड लांबवत जातो. जिराफाचं धड आखूड असतं, त्याच्या उंचीच्या मानाने फारच आखूड. काढून झाल्यावर ते तोकडं वाटलं तर समजा बरोबर आलंय.

पाठीचा उतार पाहून ‘पुढचे पाय लांब, मागचे आखूड’ असं मुलं म्हणतात. पुढचे-मागचे पाय जवळजवळ सारख्याच लांबीचे असतात. उतार येतो तो खांद्याच्या उंचवट्यामुळे, कारण तिथल्या मणक्यांना वर लांब काटे असतात आणि मान तोलून धरणारे स्नायू त्यांना बांधलेले असतात. पुढच्या पायाचा जो ‘गुडघा’ दिसतो तो खरं तर मनगट आहे. तो पुढच्या बाजूला फुगीर काढायचा. मागच्या पायाचा मधला सांधा मागे टोकदार काढायचा. खूर मोठे, दोन भागांचे, सुमारे एक फूट रुंद. गाई-शेळीच्या पायाला मागच्या बाजूला खुरांच्या वर दोन छोटी टोकं असतात, ती जिराफाला आणि ओकापीला नसतात. मुलांना शाळेमागच्या गोठ्यात नेऊन ही टोकं आधी दाखवा आणि मग भिंतीवर शोधायला सांगा. हा धडा कुणी विसरत नाही.

चालता जिराफ काढायचा असेल तर एकाच बाजूचे पुढचा आणि मागचा पाय जवळजवळ एकदम पुढे टाकलेले दाखवा. ओकापीही तसाच चालतो. पळताना मात्र मागचे दोन्ही पाय पुढच्या पायांच्या बाहेरून पुढे येतात. ताशी ५० किलोमीटरहून जास्त वेगाने तो पळतो. भिंतीवर पळता जिराफ काढायच्या भानगडीत पडू नका, त्याला लांबीच फार लागते.

मान

मान हा माझा सगळ्यांत जिव्हाळ्याचा भाग. जिराफाच्या मानेत सात मणके असतात. तुमच्या-माझ्या मानेतही सातच. संख्या तीच, पण त्याचा एकेक मणका जवळपास दहा इंच लांब. हे मुलांना सांगून पटत नाही, करून पटतं. जुन्या पुठ्ठ्यांचे दहा-दहा इंचांचे सात तुकडे कापा, टोकं गोलसर करा आणि सुतळीने ओवा. माळ सहा फुटांच्या जवळ भरते. ती भिंतीवर खांद्यापासून धरा, मुलांना वाकवायला सांगा, आणि जिथे आवडेल तिथे खडूने बाहेरून रेघ मारा. आता मान सात ठिकाणी हलकीच वळते, मधेच कुठेतरी गोल फिरत नाही. मुलांना दोन-तीन वेळा वाकवू द्या, घाई करू नका.

मान उभी ठोकू नका. साठ अंशांच्या आसपास पुढे झुकलेली ठेवली की १४ फुटांचा हिशोबही जुळतो. तळाशी मान रुंद आणि चपटी, छातीत नीट मिसळलेली हवी. वर जाताना ती निमुळती होते. मागच्या बाजूला ताठ, आखूड, तपकिरी आयाळ. खाली पाहणाऱ्या मुद्रेत छातीचा पहिला मणकाही मानेबरोबर थोडा हलतो, म्हणून तिथे कोन न करता सलग बाक ठेवा.

नर काढत असाल तर मान जाड हवी. नर एकमेकांशी मानेनेच झुंजतात. डोकं झोकून समोरच्याच्या अंगावर आदळतात. दोन नर काढायला जागा असेल तर हे दृश्य काढाच, मुलांची पावलं तिथेच थांबतात.

डोकं

डोकं दोन फुटांहून थोडं जास्त लांब, पुढे निमुळतं. वरचा ओठ लांब आणि हलणारा, कारण काट्यांमधून पाला तोडायला तोच लागतो. डोळे मोठे, बाजूला, पापण्यांचे केस लांब. नाकपुड्या फटीसारख्या काढा, धुळीत त्याला त्या मिटता येतात. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, हे गाय-बैलासारखंच. जिराफ रवंथ करणाराच आहे, त्याचंही पोट चार कप्प्यांचं असतं. खालच्या जबड्यातल्या सुळ्याला मात्र दोन पाकळ्यांसारखे भाग असतात. आतला सुळा भिंतीवर दिसणार नाही, पण वर्गात सांगा. जिराफ आणि ओकापी दोघांच्याही जबड्यात तो तसाच असतो आणि हाडं अभ्यासणारे लोक या कुळाला त्यावरून ओळखतात.

डोक्यावरची दोन शिंगं नीट पाहा. गाईच्या शिंगावर कठीण आवरण असतं. हरणांच्यातल्या नराचं शिंग दरवर्षी गळतं. जिराफाचं शिंग कायम कातडीने झाकलेलं असतं आणि त्यावर केस असतात. जन्माच्या वेळी ते कूर्चेचं असतं आणि डोक्याला चिकटून पडलेलं, म्हणून आईला इजा होत नाही. नंतर ते उभं राहतं, हाड बनतं आणि कवटीला जोडलं जातं. यावरून नर-मादी ओळखता येतात. मादीची शिंगं बारीक आणि टोकाला काळ्या केसांचा झुबका. नराची जाड आणि टोकाला टक्कल पडलेलं, कारण झुंजीत तिथले केस झिजतात. नराच्या कपाळावर मधे आणखी एक उंचवटाही असतो.

जीभ ४५ ते ५० सेंटिमीटर लांब असते. रंग काळसर जांभळा. ती लालभडक रंगवू नका. उन्हात दिवसभर बाहेर काढून पाला खुडणारी ती जीभ आहे, आणि तिच्या गडदपणामुळे ती उन्हाने भाजत नसावी असं मानलं जातं.

शेपटी विसरू नका. तिच्या टोकाला लांब काळा झुबका असतो. खुरापासून शिंगांपर्यंत सगळं जमलं आणि शेपटी शेळीची झाली, असं बऱ्याच भिंतींवर दिसतं.

ठिपके

आता ठरवा, जिराफ कुठला. केनियाच्या उत्तर भागात, इथिओपियात आणि सोमालियात राहणाऱ्या जाळीदार जिराफाचे ठिपके मोठे, सरळ कडांचे बहुकोन असतात आणि मधून बारीक पांढऱ्या रेघा जातात. नवशिक्याला हा सोपा. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वानाकडच्या जिराफांचे ठिपके पायांवरून पार खुरांपर्यंत उतरतात. उत्तरेकडच्या न्युबियन जिराफाचे पाय सांध्याखाली जवळजवळ पांढरेच असतात. नायजरमधल्या पश्चिम आफ्रिकी जिराफाचा रंग सगळ्यांत फिकट. १९९६ साली हे जिराफ अवघे ४९ उरले होते. आज ते सहाशेच्या वर गेले आहेत, कारण तिथल्या सरकारने शिकार थांबवली आणि शेतकऱ्यांनी आपल्या गावांभोवती त्यांना फिरू दिलं. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

माझी आवड दक्षिण केनिया आणि टांझानियातला मसाई जिराफ. त्याचे ठिपके कातरलेल्या कडांचे असतात, अगदी द्राक्षाच्या पानासारखे. नाशिक जिल्ह्यातल्या शाळेला यासाठी साचा विकत घ्यायची गरजच नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डिसेंबरपर्यंत बागेत पानं भरतात आणि आपलं रंगकामही तेव्हाच चालू असतं. पानं आणताना बागायतदाराला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा, पानं स्वच्छ धुवा, मगच मुलांच्या हातात द्या. पान पुठ्ठ्यावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा आणि कापा. मानेवर आणि पायांवर पानाच्याच मापाचा साचा चालतो. धडावर तोच दुप्पट करून वापरा. साचा प्रत्येक वेळी थोडा फिरवायचा, म्हणजे एकसारखी नक्षी होत नाही. पोटाकडे ठिपके फिके आणि विरळ, चेहऱ्यावर अगदी बारीक.

कुठल्याही दोन जिराफांचे ठिपके तंतोतंत सारखे नसतात. पिल्लू जे ठिपके घेऊन जन्मतं ते आयुष्यभर तसेच राहतात, त्यावरून संशोधक एकेक जिराफ ओळखतात. कडांच्या काही खुणा आईकडून पिल्लात उतरतात असंही दिसून आलं आहे. म्हणून आई आणि पिल्लू दोघं काढत असाल तर पिल्लासाठी त्याच पानाचा साचा घ्या. ठिपक्यांच्या खाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि अंगातली उष्णता तिथून बाहेर पडते. नराचे ठिपके वयाबरोबर गडद होत जातात.

रंगासाठी बाहेरच्या भिंतीचा पांढरा इमल्शन घ्या आणि स्टेनर, म्हणजे छटा देणारा गडद रंग, मिसळा. अंगाचा रंग यलो ऑक्साइडने, पांढऱ्यात थोडा थोडा घालत. ठिपक्यांना रेड ऑक्साइड आणि बर्न्ट अंबर. निव्वळ काळा फक्त शेपटीच्या झुबक्याला, खुरांना आणि बुबुळाला. एकाच दिवसाला पुरेल एवढा रंग न कालवता पूर्ण जिराफाचा एकदम कालवा. दुसऱ्या दिवशी तीच छटा जमत नाही आणि जोड दिसतो.

ओकापी

ओकापीची भिंत वेगळी का, ते आता. जिराफ उघड्यावरचा, विरळ झाडांच्या माळरानाचा. ओकापी मध्य आफ्रिकेतल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या घनदाट पावसाळी जंगलात राहतो, जगात दुसरीकडे कुठेच निसर्गात नाही. दोघांना एकाच गवतावर उभं केलं तर चित्र खोटं होतं. कोपऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी गर्द हिरवी, आणि मधल्या काटकोनावर दोघांचे चेहरे एकमेकांकडे वळलेले. असं मांडलं की मुलंच म्हणतात, ‘बाई, तोंड सारखं आहे.’ आणि खरंच सारखं आहे. तीच लांब गडद जीभ, जिने ओकापी स्वतःचे डोळे आणि कानसुद्धा चाटून साफ करतो. नराच्या डोक्यावर तीच कातडीने झाकलेली आखूड शिंगं. मादीला शिंगं नसतात, फक्त छोटे उंचवटे. मानेतले सात मणके तेच.

मापं सोपी आहेत. खांदा पाच फुटांवर, लांबी सुमारे आठ फूट, पाठ मागे किंचित उतरती. मादी नराहून थोडी मोठी. कान मोठे आणि रुंद काढा, अंधाऱ्या जंगलात बिबट्याची चाहूल त्यांनाच घ्यायची असते. रंग गडद तांबूस तपकिरी, मखमली चमक असलेला. बर्न्ट अंबरमध्ये रेड ऑक्साइड आणि अगदी थेंबभर निळा घातला की जमतो. चेहऱ्याच्या बाजू फिकट राखाडी.

पट्टे फक्त पुठ्ठ्यावर आणि पायांच्या वरच्या भागावर असतात, आडवे. धड पूर्ण कोरं. पाय सांध्याखाली पांढरे, मधे गडद पट्टी. शिक्षकसुद्धा पुष्कळदा पट्टे थेट मानेपर्यंत नेतात आणि ओकापीचा झेब्रा होतो. म्हणून आधी धड पूर्ण रंगवून वाळू द्या आणि पट्टे शेवटच्या दिवशी, पांढऱ्या रंगाने, सारख्या जाडीचे न करता काढा. जंगलात पानांतून झिरपणारा उजेड असाच तुटक पडतो आणि त्यात हे पट्टे मिसळून जातात.

या पट्ट्यांनी मोठमोठ्या लोकांनाही फसवलं आहे. काँगोतल्या इतुरीच्या जंगलात राहणाऱ्या म्बुती लोकांना ओकापी पिढ्यानपिढ्या ठाऊक होता. युरोपात मात्र ब्रिटिश अधिकारी हॅरी जॉन्स्टन यांनी पाठवलेले पट्टेरी कातड्याचे तुकडे पोचले तेव्हा तो घोड्याच्या कुळातला समजला गेला आणि १९०१ साली त्याला तसंच शास्त्रीय नावही दिलं गेलं. त्याच वर्षी कवट्या हाती आल्या आणि नातं उलगडलं, हा तर जिराफाचा भाऊबंद. जॉन्स्टन यांचं नाव त्याच्या शास्त्रीय नावात आजही आहे. सातवी-आठवीच्या मुलांना ही गोष्ट सांगाच, कारण कातडीवरून काढलेला निष्कर्ष हाडांनी कसा बदलला ते यात दिसतं. चित्र काढणाऱ्यालाही हेच शिकायचं असतं.

ओकापीचं पिल्लू जन्मल्यावर कित्येक आठवडे एका जागी दडून राहतं आणि महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ शी करत नाही, म्हणजे बिबट्याला वास लागत नाही. हे ऐकून वर्ग हसतो. हसू द्या, लक्षात राहतं.

मागची झाडं

जिराफामागे नारळ, केळी, डोंगरामागून उगवणारा सूर्य काढू नका. बाभूळ काढा. आपल्या बांधावरची बाभूळ आफ्रिकेतही मूळचीच आहे आणि जिराफाचं आवडतं खाणं बाभळीच्याच जातकुळीतली काटेरी झाडं आहेत. सिन्नरच्या माळावर मुलांना नेऊन बाभळीचं रेखाटन करून घ्या, फांद्या आणि पांढरे लांब काटे जवळून पाहू द्या. खाली पिवळं गवत. ओकापीमागे गवत नको, आकाशही नको. फक्त पानं, खोडं आणि वेली, हिरव्याच्या चार-पाच छटांत.

जागा उरली तर मागे राखाडी रंगात, नुसत्या बाह्यरेषेने शिवथेरियम काढा. जिराफाच्या कुळातला हा नामशेष झालेला प्राणी, आखूड मानेचा, अंगाने अवाढव्य, डोक्यावर फांद्या फुटलेली रुंद शिंगं असलेला. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत त्याचे जीवाश्म मिळाले. ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि शिवावरून त्याला नाव दिलं. याच कुळातल्या ब्रह्मथेरियमचे अवशेष खंबातच्या आखातातल्या पिरम बेटावर सापडले. हे कूळ कधीकाळी आपल्या भूमीवर चरत होतं हे मुलांना त्या राखाडी रेषेतून सांगता येतं. आणि माणसांच्या आठवणीतही जिराफ आपल्याकडे आला होता. कोणार्कच्या तेराव्या शतकातल्या सूर्यमंदिरावर राजासमोर उभा असलेला जिराफ कोरलेला आहे.

परांची आणि मजकूर

चार फुटांच्या वरचं काम मोठ्यांनी, परांचीवर उभं राहून करायचं. परांची गावातल्या गवंड्याकडून बांधून घ्या. भिंतीजवळून विजेची तार जात असेल तर ती भिंत सोडा. मुलांकडे खुरं, पाय, गवत आणि खालचे ठिपके द्यावेत. त्यांना तेवढं पुष्कळ होतं.

भिंतीच्या कडेला जमिनीपासून वर फुटांच्या खुणा रंगवा आणि अंक मोठे घाला. खाली मजकूर थोडाच लिहा. जिराफाखाली: उंची, सात मणके, जिभेची लांबी, कुठे राहतो. मसाई जिराफ काढला असेल तर ‘केनिया आणि टांझानिया’ असं लिहा, नुसतं ‘आफ्रिका’ नको. जिराफ ही एकच जात न मानता चार जाती मानाव्यात, हे निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२५ मध्ये मान्य केलं: उत्तरेकडचा, जाळीदार, मसाई आणि दक्षिणेकडचा. जुन्या तक्त्यांत एकच जात लिहिलेली असते, ते तक्ते पाहून मजकूर उतरवू नका.

ओकापीखाली मी त्याची अडचणही लिहिते. २०१३ पासून तो धोक्यात आलेल्या प्राण्यांत गणला जातो. जंगलतोड, खाणी, शिकार आणि त्या भागातली सशस्त्र टोळ्यांची हिंसा ही कारणं. १९९२ मध्ये इतुरीत त्याच्यासाठी सुमारे १३,७०० चौरस किलोमीटरचं राखीव जंगल झालं आणि १९९६ मध्ये ते जागतिक वारसा ठरलं. तरीही २०१२ साली तिथल्या एपुलू केंद्रावर हल्ला झाला. माणसं मारली गेली आणि केंद्रातले १४ ओकापीही. लहान वर्गासमोर हे सगळं वाचून दाखवू नका, पण मोठ्या मुलांपासून लपवूही नका.

सगळं वाळल्यावर बाहेरच्या भिंतीचा पारदर्शक कोट एकदा मारा. खालचे चार फूट दरवर्षी घासले जातात, कारण मुलं तिथे हात लावतात, टेकतात, उंची मोजतात. म्हणून अंगाचा, ठिपक्यांचा आणि ओकापीचा असे तीन रंग थोडे जास्त कालवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. डब्यावर रंगाचं नाव, स्टेनरचं प्रमाण आणि महिना लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. डबा सुकला तरी प्रमाण लिहिलेलं असलं की पुढच्या वर्षी तीच छटा पुन्हा कालवता येते.